कुलेब्याका : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आधी हात धुवा. या सबंध लेखातली एवढी एकच सूचना मी छातीठोकपणे देऊ शकतो. पुढच्या सगळ्या सूचना आमच्या घरी, झाशीत, गेल्या संक्रांतीला, एक आत्या आणि एक भट्टीवाला यांच्या देखरेखीखाली एकदाच करून पाहिलेल्या आहेत. एकदाच म्हणजे फारच कमी, असं कुणाला वाटेल. पण खंडेराव गेटपासून माणिक चौकापर्यंत विचारत जा. बाकीच्यांनी तेवढंही केलेलं नाही. तेव्हा तूर्त या शहरात या विषयातला अधिकारी माणूस मीच.

कुलेब्याका हा रशियन लोकांचा सणासुदीचा, तिखटामिठाचा पिरोग. पिरोग म्हणजे सारण भरून भाजलेला कणकेचा प्रकार. त्यांच्या भाषेत ‘पीर’ म्हणजे मेजवानी, आणि त्यावरून हा शब्द आला असं मानतात. (हे घरात मोठ्याने सांगू नका. ‘पीर’ ऐकताच आत्याने डोक्यावरून पदर घेतला आणि कुठला उरूस आहे ते विचारलं.) आकार कसा, तर बैठकीतल्या लोडासारखा: लांब, अरुंद आणि चांगला उंच. बाहेरचा पापुद्रा पातळ आणि आत सारणाचे थरावर थर. भात, मासा, उकडलेली अंडी, अळंबी, कोबी, ज्याची जशी ऐपत. कणीक जास्त आणि सारण कमी झालं, तर तो नुसता पाव. या लोडाचे भाऊबंदही बरेच. लग्नातला तो कुर्निक, घुमटासारखा, आत कोंबडी. ज्याच्या पोटावर मुद्दाम फट ठेवतात तो रास्तेगाय; नावाचा अर्थच बटणं उघडी राहिलेला. जेवताना त्या फटीतून आत रस्सा ओततात. आमच्या मेहुण्यांच्या सदऱ्याचंही जेवताना हेच होतं, पण त्याला कुणी पदार्थ म्हणत नाही.

नवशिक्याने या पदार्थाबद्दल आधी वाचावं की आधी करावं? आधी करावं. मी आधी वाचलं आणि खचलो. गोगोलच्या ‘मृत आत्मे’च्या दुसऱ्या भागात पेतुख नावाचा एक खादाड जमीनदार आहे. तो स्वयंपाक्याला चौकोनी कुलेब्याका सांगतो, चारही कोपऱ्यांत निरनिराळं सारण, आणि शेजारच्या खोलीत पाहुण्याला ते ऐकून झोप येत नाही. मॉस्कोच्या तेस्तोव्हच्या खाणावळीत बारा थरांचा मिळायचा, असं गिल्यारोव्स्कीने लिहून ठेवलंय. चेखवची १८८७ ची ‘सायरन’ नावाची गोष्ट तर कोर्टातच घडते. काम संपलेलं, न्यायाधीश आपलं भिन्नमत लिहायला बसलेले, आणि सेक्रेटरी शेजारी बसून हळू आवाजात कुलेब्याकाचं वर्णन करतोय. साहेब कागदामागून कागद वाया घालवतात. पुढे फ्रेंच स्वयंपाकी हा पदार्थ पॅरिसला घेऊन गेले. तिथे त्याचं ‘कुलिबियाक’ झालं आणि १९०३ मध्ये एस्कॉफिएच्या ग्रंथात जाऊन बसलं. जुन्या कृतींत ‘विझिगा’ नावाची वस्तू येते, म्हणजे स्टर्जन माशाच्या पाठीच्या कण्यातली वाळवलेली दोरी. हे वाक्य आत्यासमोर वाचायचं नाही.

आता उद्योग का सुरू झाला ते. माझी भाची रशियात डॉक्टरकी शिकते, आपल्याकडची हजारो मुलं शिकतात तशी. जिच्या घरी ती राहते ती म्हातारी सणाला कुलेब्याका करते. भाची सुट्टीत झाशीला आली ती एक किलो भाजलेलं कुट्टू, पाकीटभर यीस्ट आणि ‘मामा, आपण करूया ना’ हे वाक्य घेऊन. ‘आपण’ म्हणजे कोण, हे नवशिक्याने त्याच क्षणी विचारून घ्यावं. मी नाही विचारलं.

मुहूर्त. रशियन नाताळ ७ जानेवारीला येतो, कारण त्यांचं चर्च अजून जुनं ज्युलियन पंचांग धरून आहे. ज्यांच्या घरात टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांवरून दोन भावांच्या दोन दिवाळ्या झाल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगायला लागत नाही. आमचा ७ तारखेचा मुहूर्त सामान गोळा करण्यातच गेला. मग भाची म्हणाली, बिघडत नाही, १४ ला ‘जुनं नवं वर्ष’ असतं. म्हणजे राज्याचं कॅलेंडर १९१८ मध्ये बदललं, पण लोकांनी जुना वर्षारंभही सोडला नाही, दोन्ही साजरे करतात. आणि १४ ला आमची संक्रांत. घरात हळदीकुंकू. चाळीस बायका यायच्या. तेव्हा लिहून ठेवा: कुलेब्याका पहिल्यांदा करायचा तर चाळीस बायका येणार असतील असा दिवस मुळीच निवडू नका.

सामान. कोबी, भात, मैदा, लोणी, अळंबी यांची अडचण नाही; अळंबीचं पाकीट हल्ली सदर बाजारात कुठेही मिळतं. अडचण शेपूची. रशियन माणूस ज्या हिरव्या काड्यांशिवाय जेवूच शकत नाही तो ‘उक्रोप’ म्हणजे आपला शेपू, ज्याच्या वासाने निम्मा महाराष्ट्र ताटावरून उठतो तोच. झाशीत त्याला शेपू म्हणत नाहीत, सोया म्हणतात. मी सिप्री बाजारात किराण्याच्या दुकानात उभं राहून सोया मागितला आणि अर्धा किलो सोयाबीनच्या वड्या घेऊन घरी आलो. दुसऱ्यांदा ‘हरा सोया’ म्हणालो तर त्याने मटारासारखे हिरवे सोयाबीन दाखवले. तिसऱ्यांदा भाजीवालीकडे गेलो. सोया-मेथी-पालकाची मिसळ जुडी तिच्या पुढ्यात ढिगाने पडली होती, थंडीचे दिवस, दहा रुपयांना जुडी. शेपू निवडून वेगळा करायला एक तास लागला. उरलेल्या मेथीचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक रशियन पाककृतीला झाशीत पडणारच.

कुट्टू भाचीने आणलं म्हणून बरं. इथे विचारलं तर दुकानदार म्हणाला, ‘नवरात्रि में आइएगा.’ खरंच, उत्तरेत कुट्टूला वर्षातून दोनदाच भाव येतो. आणि एरवीच्या दिवसांत कुणी जुनं पीठ काढून दिलं तर घेऊ नका. ते लवकर खवट होतं आणि पोट बिघडवतं. रशियात मात्र तो रोजचा भात आहे, गडद भाजलेला, खमंग. गंमत अशी की हे धान्यच नव्हे. चुक्याची भाजी ज्या कुळातली, त्याच कुळातलं हे बी. म्हणून तर ते उपासाला चालतं. आत्याची हरकत इथेच सुरू झाली. उपासाचं कुट्टू, त्याला साधं मीठ, आणि वरून मैद्याचं पांघरूण? तिच्या मते हे कुट्टूला फसवणं होतं. मी तिला सांगितलं की रशियन लोकसुद्धा नाताळाआधी चाळीस दिवस उपास धरतात, मांस, दूध, अंडी सगळं बंद, आणि त्या दिवसांत असेच कोबीचे, अळंब्यांचे, कुट्टूचे पिरोग करतात. म्हणजे आमचा शाकाहारी कुलेब्याका ही काही झाशीची पळवाट नव्हती. ‘मग लोणी कशाला घातलंस?’ आत्या म्हणाली. नवशिक्याने आत्याशी शास्त्रार्थ करू नये.

कणीक. अर्धा किलो मैदा, पाऊण चमचा मीठ, एक मोठा चमचा साखर, ८० ग्रॅम मऊ लोणी, २७५ मिलिलिटर कोमट दूध, ७ ग्रॅम यीस्ट. आमच्याकडे अंडं नाही, तुमच्याकडे चालत असेल तर एक घाला आणि दूध तेवढं कमी करा. यीस्ट दुधात विरघळताना त्यावर फेस येतो. तो बघून आत्याने भाचीला विचारलं, हे हलतंय का? भाची डॉक्टर होणार, खोटं बोलवेना. म्हणाली, आत्याआजी, ही एक प्रकारची बुरशी, जिवंत असते. ‘जिवंत?’ हो. ‘मैद्यात?’ हो, पण दह्यातही असतातच की जंतू. आत्या थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘दही आपल्या ओळखीचं आहे.’ मी हे खाणार नाही, असं तिने तिथेच, चुलीसमोर, जाहीर केलं.

झाशीत मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. तेव्हा कणीक फुगवायची तर ती अंगणात ठेवून नुसता डोळा मिटायचा. पण जानेवारीतली झाशी वेगळी. सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही. दोन तास झाले, कणीक होती तेवढीच. मग आत्याने (न खाणाऱ्या आत्याने) पातेलं झाकून दिवाणावरच्या रजईत गुंडाळलं. तासाभराने मेहुणे स्टेशनवरून थेट घरी आले आणि थकल्या अंगाने त्या रजईवर बसले. हे मी अपघात म्हणून सांगत नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं की पहिल्यांदा फुगलेली कणीक दाबून तिच्यातली हवा काढावी आणि पुन्हा फुगू द्यावी. पायरी पार पडली, फक्त पातेल्याचा एक कान वाकला. तुमच्याकडे मेहुणे नसतील तर मुठीने दाबा.

आता सारण. इथे मात्र मी गंमत बाजूला ठेवतो, कारण कुलेब्याकाचं सगळं भवितव्य इथे आहे, आणि ते एका शब्दात सांगता येतं: ओल. आत ओल राहिली की खालचा पापुद्रा भिजतो, भाजत नाही, आणि कापताना सगळा लोड मधोमध खचतो. रशियन पुस्तकं हेच सांगतात. येलेना मोलोखोवेत्सबाईंचं ‘तरुण गृहिणींना भेट’ हे पुस्तक १८६१ चं, म्हणजे आपली झाशी पडून तीन वर्षं झाली होती तेव्हाचं. ते आणि आपलं १९७० चं ‘रुचिरा’ यांचं गोत्र एकच: नुकतंच लग्न झालेल्या मुलीला कुणीतरी वडीलधारं धीर देतंय. मोलोखोवेत्सबाईंचं एक पान मला धड वाचताही येत नव्हतं. आणि ओलीची चिंता माझ्या तोंडून बाहेर पडायच्या आत आत्या म्हणाली, ‘करंजीचं सारण ओलं ठेवलं तर तेलात फुटते. कोबी पिळून घे.’

आत्याने आयुष्यात किती करंज्या केल्या असतील त्याचा हिशेब नाही. तिने कोबी बारीक चिरवला, मीठ लावून अर्धा तास ठेवला, धुतलेल्या पंच्यात घालून पिळला, वाटीभर पाणी निघालं. मग लोण्यात कांद्यावर परतला, रंग येईपर्यंत. अळंबी स्वतःचं पाणी सोडतात. त्यांना झाकण ठेवायचं नाही, पाणी आटून पातेल्याच्या तळाशी चुरचुर आवाज येईपर्यंत मोठ्या आचेवर ठेवायची, मिरपूड शेवटी. कुट्टू एका वाटीला दोन वाट्या पाणी, दाणा दाणा मोकळा. भात शिळा असेल तर उत्तमच, त्यात शेपू मुबलक. सगळं पूर्ण गार करा. गरम सारण कणकेवर ठेवलं तर लोणी वितळून कणीक रडते, हा शब्दही आत्याचाच.

एवढं करूनही थोडी ओल राहतेच. त्यासाठी रशियन लोकांनी जी युक्ती काढलीय तिच्यापुढे मी हात टेकले. दोन थरांमध्ये ते पातळ ब्लिनी घालतात. ब्लिनी म्हणजे काय, तर धिरडी. मैदा, दूध, चिमूटभर मीठ, तव्यावर पातळ पसरून. वरच्या थराचा रस खालच्या थरात उतरत नाही, चवीही एकमेकींत मिसळत नाहीत आणि कापल्यावर प्रत्येक रंग वेगळा दिसतो. मी धिरडी करायला बसलो, पहिली दोन तव्याला चिकटली, तिसरं भाचीने खाल्लं, चौथ्यापासून आत्याने हातातून उलथनं घेतलं. नऊ धिरडी झाली, आठ लागली. लक्षात ठेवा, एक धिरडं नेहमी जास्तीचं करायचं. का, ते भाचीला विचारा.

थर लावताना घाई नको. कणकेचा लांबट पट्टा, त्यावर धिरडी, मग भात-शेपू, धिरडी, कोबी, धिरडी, अळंबी, धिरडी, वर कुट्टू. बाजूंच्या कडा वर घेऊन मिटवायच्या. भाचीने मोबाइलवर म्हातारीचं चित्र दाखवलं, तिने नुसत्या चिमटीत धरून सांधा बंद केला होता. आत्याने ते बघितलं, बांगड्या वर सारल्या आणि सांध्यावर मुरड घालायला लागली. अंगठा आणि तर्जनी, जरा दाबायचं, जरा आत वळवायचं, पुढे सरकायचं. शेजारच्या जिज्जी हळदीकुंकवाच्या आधीच डोकावायला आल्या होत्या. त्याही होळीच्या गुजियांना अशीच मुरड घालतात. त्यांनी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. दोघींपैकी कुणीही बोलत नव्हतं. मधोमध दोन्ही मुरडी भेटायला वीतभर अंतर उरलं तेव्हा दोघींची वळणं उलट दिशेची निघाली. आत्याची पुण्याकडची, जिज्जींची बुंदेली. सांधा तिथेच जरा जाड राहिला. ‘काए, जो का आय?’ मग जिज्जींनी विचारलं. मी नाव सांगितलं. त्यांनी ते ‘कुल्ला-बक्का’ असं घेतलं आणि सबंध गल्लीत आज ते तेच आहे.

वर वाफ जायला एक भोक ठेवा. उरलेल्या कणकेची पानं, वेली, मासा, हवं ते करून चिकटवा. आत्याने तीळ टाकले, संक्रांत म्हणून. वरून अंड्याऐवजी दुधाचा हात.

भाजायला आमच्या घरी विजेची छोटी भट्टी आहे, तिच्यात हा लोड आडवा मावला नाही, उभा ठेवण्याचा प्रश्न नव्हता. शिवाय दिवे गेले होते. तेव्हा ज्या भट्टीवाल्याकडे आपण थंडीत घरचं पीठ, तूप, साखर देऊन बिस्किटं भाजून घेतो त्याच्याकडे परात डोक्यावर घेऊन गेलो. संवाद जसाच्या तसा देतो, नवशिक्यांना उपयोगी पडेल:

‘अंडा तो नईं है इसमें?’
‘नईं.’
‘मछली-वछली?’
‘बिल्कुल नईं.’
‘तो भरा क्या है?’
‘चावल, गोभी, कुट्टू.’
‘कुट्टू! तो बरत का है?’
‘नईं, ऊपर मैदा है.’

त्याने माझ्याकडे, परातीकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. भट्टीच्या तळावर चिमूटभर मैदा टाकून तो किती वेळात तांबूस होतो ते पाहिलं आणि म्हणाला, नानखटाई निघाल्यावर, जरा उतरल्या आचेवर. घरच्या भट्टीत असेल तर २०० अंशांवर वीस मिनिटं, मग १८० वर पंचवीस. त्याच्याकडे चाळीस मिनिटं लागली. त्यातल्या पहिल्या दहांत तो बाहेर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत होता, ‘रूस का है, गुजिया टाइप.’

बाहेर काढल्यावर लगेच लोणी फासा आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून अर्धा तास ठेवा, पापुद्रा मऊ येतो. पुरणपोळ्या कशा फडक्यात ठेवतो, तसं. सुरी लावायची घाई करणाऱ्याला बाहेर पाठवा. आमच्याकडे मेहुणे बाहेर गेले.

हळदीकुंकू आमच्या इथल्या मराठी घरांत जुन्या दिमाखात होतं. १८५८ च्या चैत्रात, इंग्रज फौज शहरावर येत असताना बाईसाहेबांनी (राणी लक्ष्मीबाईंनी) गौरीचं हळदीकुंकू थाटाने केल्याचं तेव्हा झाशीत असलेल्या गोडसे भटजींनी लिहिलंय, तेव्हा दिवे जाण्याने इथे कुणी कार्यक्रम पुढे ढकलत नाही. मेणबत्त्यांच्या उजेडात लोड कापला. पांढरा-हिरवा, पिवळसर, काळपट, तपकिरी, मध्ये धिरड्यांच्या बारीक रेघा. खचला नाही! फक्त मधल्या, दोन मुरडी भेटतात त्या जागी, तुकडा वाकडा पडला. बायकांनी तिळगुळाबरोबर तो वाण म्हणून घेतला. ‘ढोकळ्यासारखं आहे का?’ ‘नाही, समोशासारखं.’ ‘अजिबात नाही, बिर्याणीसारखं, पोळीतलं.’ ‘शेपू आहे वाटतं,’ एकजणी म्हणाली आणि हातातला तुकडा अलगद मुलाच्या हातात गेला. भाचीने म्हातारीला फोनवर दाखवलं. तिने चष्मा लावून बराच वेळ निरखलं आणि काठाकडे बोट करून काही विचारलं. तीळ नव्हे, शेपू नव्हे, ती मुरड. भाचीने आत्याला पुढे केलं. आत्याने फोनसमोर रिकाम्या हवेत दोन चिमट्या घालून दाखवल्या. तिकडून म्हातारीनेही घालून पाहिल्या.

‘तुम्ही घ्या ना एक तुकडा,’ मी आत्याला म्हणालो. ती म्हणाली, जिवंत वस्तू ती खात नाही.

साठवण. बहुधा उरत नाही. उरलाच तर तव्यावर तुपाचं बोट फिरवून गरम करा, फ्रिजमध्ये दोन दिवसांच्या वर ठेवू नका. आमच्याकडे एकच तुकडा उरला होता, तो वाकडा, मधला. सकाळी सहाला मी चहाला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला. आत्या पाटावर बसून तो तुकडा मिरचीच्या लोणच्याबरोबर खात होती. मी दारातच थांबलो. तिने मान वर केली नाही.

‘मीठ कमी आहे,’ ती म्हणाली. ‘आणि किडे एव्हाना मेले असतील.’